एकच चेंडू, दोन सूत्रधार



मंडळाच्या वाचनालयात सकाळी पेपर वाचायला येणारे आम्ही सहा-सात जण बहुतेक सभासदांना माहीत आहोत. तिघे बँकेतून निवृत्त, एक गणिताचे सर, बाकीचे पोस्ट आणि वीज खात्यातले. आमचे विषय ठरलेले असतात: पेन्शन, गुडघे आणि क्रिकेट. गेल्या तीन-चार वर्षांत त्यात अमेरिकेतल्या सॅक्रामेंटो शहराच्या बास्केटबॉल संघाची भर कशी काय पडली, असे स्नेहसंमेलनात अनेकांनी विचारले. "तुम्हाला या वयात हे काय सुचलं?" असेही काही वहिनींनी विचारले. दोन्ही प्रश्नांचे उत्तर म्हणून हा लेख.

सुरुवात एका नातवापासून झाली. २०२२ च्या फेब्रुवारीत करोनामुळे शाळा अजून पूर्ण भरत नव्हत्या. आमच्यापैकी एकाचा आठवीतला नातू आजोबांबरोबर वाचनालयात येऊन मोबाइलवर अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक स्पर्धेचे सामने पाही. सॅक्रामेंटोत संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना हिवाळ्यात आपल्याकडे सकाळी साडेआठला दिसतो, म्हणजे इंदूरच्या पोह्यांच्या वेळेला. इंदूरला बास्केटबॉल तसा नवा नाही. रेसकोर्स रोडवरच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्सवर आमच्या पिढीतलेही काही जण खेळलेले आहेत. पण सॅक्रामेंटो हे नाव आम्ही प्रथमच ऐकत होतो.

आमचे कान टवकारले ते मालकाचे आडनाव ऐकून. 'सॅक्रामेंटो किंग्ज' या संघाचे प्रमुख मालक विवेक रणदिवे यांचा जन्म मुंबईचा. एमआयटीत शिकून त्यांनी संगणकक्षेत्रात टिब्को ही कंपनी उभारली आणि २०१३ मध्ये हा संघ विकत घेतला. ऑक्टोबर २०१९ मध्ये हा संघ मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोममध्ये इंडियाना पेसर्स संघाशी दोन सराव सामने खेळून गेला. एनबीएचे संघ भारतात खेळण्याची ती पहिलीच वेळ होती. दोन्ही सामने इंडियानाने जिंकले. योगायोग असा की पुढे ज्या देवघेवीवरून आमच्यात वाद पेटला, ती याच दोन संघांमधली.

वाद कशावरून झाला

एनबीएत ३० संघ आहेत. ऑक्टोबर ते एप्रिल या काळात प्रत्येक संघ ८२ सामने खेळतो आणि त्यानंतर वरच्या संघांची बाद फेरी होते, तिला प्लेऑफ म्हणतात. किंग्ज संघ २००६ नंतर एकदाही प्लेऑफमध्ये पोहोचला नव्हता. सलग सोळा हंगाम बाहेर राहण्याचा हा एनबीएतला विक्रमच आहे, पण नकोसा.

८ फेब्रुवारी २०२२ रोजी किंग्जने टायरीस हॅलिबर्टन या जेमतेम दुसऱ्या हंगामात असलेल्या खेळाडूला, बडी हील्ड आणि ट्रिस्टन थॉम्प्सन यांच्यासह इंडियानाला देऊन टाकले. बदल्यात मुख्यतः डोमँटस सबोनिस आला, सोबत जस्टिन हॉलिडे आणि जेरेमी लॅम्ब. अशा देवघेवीत खेळाडूला कोणी विचारत नाही. करारात खास तरतूद नसेल तर आज इथे आणि उद्या दोन हजार मैलांवर. बँकेत नोकरी केलेल्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. शाखेचे नुकते बस्तान बसवावे आणि बदलीचा हुकूम यावा, हे आम्ही तिघांनीही भोगले आहे.

नातू रडवेला झाला होता. "आजोबा, तो स्वतः म्हणायचा की मला हा संघ सुधारायचाय. आणि त्यालाच काढला!" सॅक्रामेंटोतल्या असंख्य चाहत्यांचेही तेच म्हणणे होते. हॅलिबर्टन २१ वर्षांचा होता, स्वतःपेक्षा दुसऱ्याला गुण मिळवून देण्यात आनंद मानणारा आणि लांबून तीन गुणांच्या शंभर फेकींपैकी चाळीसहून अधिक अचूक टाकणारा. त्याच्यामुळे इतर चौघे चांगले खेळत. तो गेला म्हणजे संघाची 'केमिस्ट्री' गेली, असे त्यांचे म्हणणे. इंडियानाने आवळा देऊन कोहळा काढला, असे आमच्यातल्याही दोघांचे मत पडले.

गणिताचे सर मात्र दुसऱ्या बाजूला होते. "बाळ, मैदानावर चेंडू किती?" त्यांनी विचारले.

"एक."

"मग तो हातात ठेवून खेळ चालवणारे दोघे कशाला?"

किंग्जकडे डी'आरन फॉक्स होता. स्पर्धेतल्या सर्वांत चपळ खेळाडूंपैकी एक. तोही हॅलिबर्टनसारखाच सूत्रधार, म्हणजे चेंडू हातात घेऊन चाल ठरवणारा. दुसऱ्याच्या हाती चेंडू असला की फॉक्सचा उपयोग निम्मा होई, कारण त्याची लांबची फेक तितकी भरवशाची नव्हती. उलट सबोनिस हा जवळजवळ सात फूट उंच, अंगापिंडाने भक्कम, रिंगजवळ खेळणारा आणि तरीही उत्तम पास देणारा. संघात नेमकी तीच उणीव होती.

"मग फॉक्सला द्यायचं होतं!" नातू म्हणाला. हाही मुद्दा गैर नव्हता. हॅलिबर्टन चेंडूशिवायही उपयोगी पडू शकत होता, फॉक्स तितका नाही. त्या दिवशी वाचनालय बंद करायची वेळ झाली तरी निकाल लागला नाही.

'केमिस्ट्री' म्हणजे काय

हा शब्द चाहते फार सैल वापरतात. संघ जिंकला की केमिस्ट्री चांगली, हरला की बिघडली. आम्हीही प्रथम तिचा अर्थ 'मैत्री' असाच घेतला. पण सामने पाहता पाहता लक्षात आले की खेळाडू एकमेकांच्या घरी जेवायला जातात की नाही, याच्याशी तिचा संबंध थोडाच आहे. आमच्या समजुतीप्रमाणे तिच्यात तीन गोष्टी येतात.

पहिली गोष्ट सवयीची. आक्रमण करणाऱ्या संघाला २४ सेकंदांत फेक करावी लागते. एवढ्या वेळात विचारून, सांगून खेळता येत नाही. सोबती डावीकडे वळणार आहे हे तो वळण्याआधी कळावे लागते. जुना कॅशियर आणि जुना पासिंग ऑफिसर यांना गर्दीच्या दिवशी एकमेकांशी बोलावे लागत नसे, तसेच हे.

दुसरी गोष्ट जागेची. नातू हिला 'स्पेसिंग' म्हणे. आम्हाला कळेना, तेव्हा त्याने कॅरमच्या सोंगट्या मांडून दाखवले. पाचही जण रिंगजवळ गोळा झाले तर बचाव करणाऱ्यांचे काम सोपे होते. दोघे-तिघे लांब कोपऱ्यांत उभे राहिले आणि तिथून त्यांची फेक अचूक असली, तर बचाव करणाऱ्यांना त्यांच्यामागे जावेच लागते आणि मधली वाट मोकळी होते. कोपऱ्यात उभा असलेला माणूस चेंडूला हातही न लावता कामाला येतो.

तिसरी गोष्ट सोडण्याची. कोणी काय सोडायचे, हे ठरलेले असावे लागते. फेकींची संख्या, चेंडू हातात असण्याचा वेळ, सुरुवातीच्या पाचांतले स्थान, यांतले काहीतरी प्रत्येकाला सोडावे लागते. सोडणाऱ्याला ते पटलेले नसेल तर पहिल्या दोन गोष्टी असूनही संघ चालत नाही.

यांतली सवय काळाने येते, जागा खेळाडूंच्या निवडीतून मिळते आणि सोडायला लावणे हे प्रशिक्षकाचे काम. त्यामुळे 'आमची केमिस्ट्री बिघडली' असे कोणी म्हणाले की आता आम्ही विचारतो, तिघांतली नेमकी कोणती?

हातातून हातात

देवघेव झाली तो हंगाम किंग्जने ३० विजय आणि ५२ पराभवांनी संपवला. हॅलिबर्टन तिकडे इंडियानात सामन्याला सरासरी नऊहून अधिक असिस्ट देऊ लागला. नातवाचे पारडे जड झाले. सर गप्प बसले.

२०२२ च्या उन्हाळ्यात किंग्जने माइक ब्राऊन यांना प्रशिक्षक नेमले. अटलांटाहून केविन हर्टर हा लांबून फेकणारा खेळाडू आणला, कीगन मरे या नवोदिताला निवडले आणि मलिक मंकशी करार केला. मंक हा फॉक्सचा केंटकी विद्यापीठातला जुना सोबती, म्हणजे सवय आधीच असलेला. नव्या हंगामाची सुरुवात सलग चार पराभवांनी झाली. चाहत्यांनी पुन्हा मालकापासून प्रशिक्षकापर्यंत सगळ्यांना धारेवर धरले. चार सामन्यांवरून ८२ सामन्यांचा निकाल लावणे म्हणजे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यावरून वर्षाचा नफा काढण्यासारखे, असे सर म्हणाले. पण त्यांच्याही आवाजात तेव्हा जोर नव्हता.

पुढे जे घडले त्याच्या मुळाशी एक साधी चाल होती. तिला 'हँड-ऑफ' म्हणतात. सबोनिस चेंडू घेऊन मैदानाच्या वरच्या भागात उभा राहतो. हर्टर पळत त्याच्या अंगाला घासून जातो आणि जाताजाता त्याच्या हातातून चेंडू घेतो. हर्टरच्या मागे धावणारा बचावपटू सबोनिसच्या भक्कम देहावर अडतो. आता बचाव करणाऱ्यांनी काय करावे? तो सबोनिसच्या मागच्या बाजूने वळसा घेऊन गेला, तर हर्टर लांबूनच फेकतो. पाठोपाठ धावला, तर हर्टर आत मुसंडी मारतो. सबोनिससमोरचा गडी मदतीला पुढे आला, तर सबोनिस मोकळा होऊन रिंगकडे धावतो. आणि बचावपटू आधीच ओळखून आडवा आला, तर हर्टर चेंडू न घेताच उलटा वळून आत पळतो आणि सबोनिस त्याला पास देतो. दार एक बंद केले की दुसरे उघडे.

ही चाल शिकवता येते, पण ती चालते ती सवयीवर. चेंडू कोणत्या क्षणी सोडायचा हे सबोनिसने हर्टरच्या खांद्यावरून ओळखायचे असते. फॉक्सने हंगामाचा मोठा भाग चेंडू सबोनिसकडे सोपवला आणि शेवटच्या काही मिनिटांत तो स्वतःकडे घेतला. निर्णायक क्षणांतल्या खेळासाठी एनबीएने त्या वर्षी नवा पुरस्कार सुरू केला, त्याचा पहिला मानकरी फॉक्सच ठरला. अनुभवी हॅरिसन बार्न्स तक्रार न करता कोपरा सांभाळत राहिला.

किंग्जने ४८ सामने जिंकले, ३४ गमावले आणि पश्चिम विभागात तिसरे स्थान मिळवले. सामन्याला सरासरी १२० हून अधिक गुण, त्या हंगामात सर्वांत जास्त. २४ फेब्रुवारी २०२३ चा सामना तर त्यांनी दोनदा जादा वेळ खेळून १७६-१७५ असा जिंकला. प्रत्येक विजयानंतर स्टेडियमच्या छतावरून आकाशात जांभळा प्रकाशझोत सोडायची प्रथा याच हंगामात सुरू झाली. २९ मार्चला प्लेऑफमधले स्थान नक्की झाले. ३१ मार्चच्या दोन दिवस आधी हिशेब पूर्ण केल्याबद्दल आम्ही बँकवाल्यांनी त्यांना पैकीच्या पैकी गुण दिले. ब्राऊन यांना सर्वोत्तम प्रशिक्षकाचा पुरस्कार एकमताने मिळाला; एकमताने मिळण्याची ती पहिलीच वेळ.

सरांनी त्या दिवशी सगळ्यांना पोहे-जलेबी खिलवली. नातवाने ती खाल्ली, पण पक्ष बदलला नाही.

प्रतिस्पर्ध्याने काढलेला तोडगा

प्लेऑफमध्ये समोर गोल्डन स्टेट वॉरियर्स, आदल्या वर्षीचे विजेते. किंग्जने पहिले दोन सामने जिंकले. मग वॉरियर्सनी एक तोडगा जास्त निर्धाराने वापरला. त्यांचा केव्हॉन लूनी सबोनिसच्या अंगावर जायचेच टाळून रिंगजवळ उभा राहू लागला. सबोनिस लांबून फारसा फेकत नाही, मग त्याला मोकळे सोडले तर बिघडले कुठे? लूनी आत थांबल्यामुळे उलटे वळून आत पळण्याची वाट बुजली. त्यातच हर्टरची फेक रुसली. हंगामभर शंभरात चाळीस अचूक असणारा हात त्या मालिकेत विशीवर आला. चौथ्या सामन्यात फॉक्सच्या डाव्या हाताचे बोट मोडले, सबोनिस तर डिसेंबरपासून मोडक्या अंगठ्याने खेळत होता.

तरीही मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली. तो सुरू झाला तेव्हा आपल्याकडे ३० एप्रिलची मध्यरात्र उलटली होती. मध्यंतराला किंग्ज दोन गुणांनी पुढे होते. मग स्टीफन करीने एकट्याने ५० गुण केले, लूनीने २१ रिबाउंड पकडले आणि वॉरियर्स १२०-१०० असे जिंकले.

दुसऱ्या दिवशी वाद नव्या मुद्द्यावर आला. सबोनिसवर संघ उभा करणे हीच चूक, असे एक म्हणाले. चूक माणसाची नाही, दुसरी चाल तयार नव्हती हे चुकले, असे सर म्हणाले. आम्हाला वाटते, इथे डावपेच आणि केमिस्ट्री यांतला फरक स्पष्ट होतो. या संघाची सवय पक्की होती, पण ती एकाच चालीभोवती बांधलेली होती. ती चाल अडली तेव्हा सवय असूनही जागा उरली नाही.

ताळेबंद कोणत्या तारखेचा?

इथेच लेख संपवला असता तर सर जिंकले असते. पण खाते चालू होते.

पुढच्या हंगामात किंग्जने ४६ सामने जिंकले तरी प्लेऑफ हुकली. २०२४ च्या उन्हाळ्यात डीमार डिरोझन हा नामवंत खेळाडू आला आणि त्या व्यवहारात कोपरा सांभाळणारा बार्न्स गेला. डिरोझनलाही चेंडू हातात लागतो. एकाच चेंडूला पुन्हा जास्त धनी झाले. त्याच उन्हाळ्यात ब्राऊन यांचा करार वाढवला होता, तरी १३ विजय आणि १८ पराभव झाल्यावर डिसेंबरात त्यांना काढण्यात आले. एकमताने मिळालेल्या पुरस्काराला तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. फेब्रुवारी २०२५ मध्ये फॉक्सही सॅन अँटोनियोला गेला. २०१३ पासून तोवर या संघाने हंगामी धरून आठ प्रशिक्षक पाहिले.

इंडियानाने उलट केले. हॅलिबर्टन आला तेव्हाचेच रिक कार्लाइल प्रशिक्षक राहिले. पहिल्या पूर्ण हंगामात पराभव जास्त झाले, तरी खेळण्याची पद्धत बदलली नाही. जानेवारी २०२४ मध्ये पास्कल सियाकम आला. २०२५ मध्ये हा संघ थेट अंतिम मालिकेत पोहोचला. तिच्या पहिल्या सामन्यात हॅलिबर्टनने ०.३ सेकंद उरले असताना विजयी फेक केली. मालिका सातव्या सामन्यात गेली आणि त्या सामन्याच्या पहिल्याच सत्रात त्याच्या टाचेची शीर तुटली. विजेतेपद ओक्लाहोमा सिटीला मिळाले.

तो सामना संपल्यावर नातू बराच वेळ बोलला नाही. सर त्याच्याजवळ जाऊन बसले. "तुझा मुलगा मोठा निघाला रे," एवढेच म्हणाले.

मग २०२२ ची ती देवघेव बरोबर की चूक? त्या रात्रीचा ताळेबंद काढला तर इंडियाना नफ्यात. एप्रिल २०२३ चा काढला तर सॅक्रामेंटो. जून २०२५ चा काढला तर पुन्हा इंडियाना. आमचे मत विचाराल तर त्या दिवशी दोघांचाही व्यवहार खरा होता. दोन्ही संघांत एकच सूत्रधार उरला आणि दोघांनाही हवी ती जागा मिळाली. फरक पडला तो नंतर. एकाने सवय मुरू दिली, दुसऱ्याने ती मुरण्याआधी माणसे आणि प्रशिक्षक बदलले. दुखापती आणि नशीब यांचा वाटा त्यात आहेच, तो नाकारता येत नाही.

जाता जाता

आपल्या घरातही मुले अशा संघांवरून तावातावाने बोलत असतील. त्यांना "काय तो पोरखेळ" म्हणू नका. तीन प्रश्न विचारून पाहा. कोणत्या तारखेपर्यंतचा हिशेब धरतोस? अडचण सवयीची आहे, जागेची की सोडण्याची? समोरच्या संघाने काय केले म्हणून हे घडले? आम्ही हे प्रश्न विचारू लागल्यापासून वाद कमी झाला नाही, पण आवाज कमी झाला.

आणखी एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. हा मुलगा घरी हिंदीत बोलतो आणि मित्रांशी हिंदी-इंग्रजीत. मराठीत त्याची गाडी दोन वाक्यांवर अडत असे. आमच्याशी वाद घालायचा तर मराठीतच घालावा लागतो, कारण त्याचे इंग्रजी शब्द आम्हाला कळत नाहीत. 'स्पेसिंग'ला 'जागा मोकळी ठेवणे' हा शब्दप्रयोग त्यानेच केला आणि 'आवळा देऊन कोहळा' तो आता आमच्यावरच उलटवतो.

यंदा त्याची बारावी आहे, म्हणून फक्त रविवारचे सामने. हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो. वाचनालय सकाळी साडेसातला उघडते. नातवंडांना घेऊन या, पोह्यांची सोय आमच्याकडे.